नवरा येतोय अकरा दिवसांसाठी, आणि यादीत सात शहरं

ताई, नमस्कार.

मी पंचवीस वर्षांची आहे. जर्मनीत आखेनला एमएस्सी करते. लग्नानंतर आठ महिन्यांनी इकडे आले, त्याला आता चौदा महिने होतील. सुजय पुण्यात असतो, नोकरी चाकणला. मधल्या काळात आम्ही एकदाही भेटलो नाही. मार्चच्या मध्यावर तो अकरा दिवसांसाठी येतोय. शनिवारी पोचेल आणि पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी फ्रँकफर्टहून परत जाईल. त्याला एवढीच सुट्टी मिळाली आहे. व्हिसाही आलाय.

त्याने एक्सेल शीट केलंय. आखेन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, प्राग, बर्लिन आणि परत आखेन. प्रत्येक शहरापुढे काय बघायचं, किती वाजता, किती मिनिटं. सासूबाईंनी स्वित्झर्लंड सोडायचं नाही म्हणून बजावलंय. 'एवढ्या लांब जाताय तर सगळं बघून घ्या.'

मंगळवारी, म्हणजे तो आल्याच्या चौथ्या दिवशी, माझा एक पेपर आहे. दुसरा प्रयत्न आहे, पहिल्यांदा गेला होता. याही वेळी गेला तर एकच प्रयत्न उरतो. शीटवर त्या दिवशी आम्ही पॅरिसमध्ये लुव्र संग्रहालय बघत आहोत. मी त्याला पेपरचं अजून सांगितलेलं नाही. पेपर पुढच्या सत्रावर ढकलता येईल, तसंच करावं असं मनात आहे.

खरं सांगू का ताई, मला फिरायला जायचंय असं वाटतच नाही. मला तो माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसलेला बघायचाय. पण तो एवढ्या उत्साहाने शीट भरतोय की तोंड उघडवत नाही. काय करू?

— अनुजा (नावं बदलली आहेत)

प्रिय अनुजा,

तुझ्या पत्रात पेपर मध्येच चार ओळींत येऊन गेलाय, पण मला तो सगळ्यात वर दिसतो. म्हणून आधी त्याचंच बोलते. पेपर दे. ढकलू नकोस. नाव मागे घेतलं तर प्रयत्न वाया जात नाही, हे खरं आहे. पण तो विषय उन्हाळ्यापर्यंत तुझ्या मानेवर बसून राहील, आणि ते अकरा दिवससुद्धा बसलेला असेल. पॅरिसच्या पुलावर उभी असताना तुला तोच आठवेल. आणखीही एक गोष्ट आहे, ती मी लग्नाच्या पंचवीस वर्षांनंतर सांगते आहे. न सांगता केलेला त्याग कुठेतरी वसूल केला जातोच. आज तू गुपचूप पेपर सोडशील. दोन वर्षांनी कुठल्या तरी भलत्याच भांडणात, गॅसच्या सिलिंडरवरून म्हण, 'तुझ्यासाठी मी पेपर सोडला होता' हे वाक्य बाहेर पडेल. आणि सुजय म्हणेल, 'मला सांगितलंस कधी?' त्याचं बरोबर असेल.

तेव्हा सांग. घोळवत बसू नकोस. 'मंगळवारी सकाळी माझा पेपर आहे आणि तो मी देणार आहे. त्या दिवशी आपण आखेनला असू.' एवढंच. माफी मागायची गरज नाही. तो इंजिनिअरिंगच्या परीक्षा देऊनच चाकणला पोचलाय ना? नापास झालेला विषय परत देणं काय असतं, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. आणि मंगळवारी लुव्र बंद असतं, हेही सांगून टाक. शीटवरचा तो रकाना तसाही कोराच राहणार होता.

आता शीटबद्दल. तू लिहिलेली शहरं घेऊन मी गाड्यांच्या वेळांची बेरीज करून बघितली. आखेन ते ॲमस्टरडॅम साडेतीन तास, तिथून पॅरिसला तेवढेच. पॅरिसहून इंटरलाकेनला बाझेलमार्गे पाच-साडेपाच. इंटरलाकेन ते व्हेनिस सहाच्या पुढे. व्हेनिस ते प्राग हा तर अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र. मग बर्लिन, आणि बर्लिनहून परत आखेन. चाळीस तासांच्या वर जातं सगळं. त्यात स्टेशनवर वाट बघणं, चुकलेली जोडगाडी, हॉटेल शोधणं, दुपारी तीनपर्यंत खोली मिळणार नाही म्हणून बॅगा ठेवायला लॉकर शोधणं हे धरलेलं नाही. येण्या-जाण्याचे दोन दिवस सोडले तर उरलेल्या नऊ दिवसांत जागेपणीचा तिसरा हिस्सा तुम्ही शेजारी-शेजारी बसून खिडकीबाहेर बघणार, आणि त्यातला निम्मा वेळ एकजण झोपलेला असणार.

व्हिसाकडेही एकदा नीट बघा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्तीत जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे करायचा असतो. सुजयने तो जर्मनीकडे केला, बायकोला भेटायला म्हणून केला, आणि शीटप्रमाणे जर्मनीत जेमतेम दोन-तीन रात्री काढणार. अर्जात सांगितलं एक आणि केलं दुसरं, असं होऊ देऊ नये. पुढच्या वेळी परत अर्ज करायचा आहे. तूसुद्धा जर्मनीबाहेर जाताना पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ ठेव. कार्डाची मुदत कधी संपतेय ते आजच बघ.

पण अनुजा, तास आणि कागदपत्रं ही माझी मुख्य काळजी नाही. ती सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

२००५ साली मी एडिंबराला एक वर्ष शिकत होते. एप्रिलमध्ये माझा नवरा आठ दिवसांसाठी आला. आम्हीही अशीच यादी केली होती. लेक डिस्ट्रिक्ट, लंडन, बाथ, स्टोनहेंज, कार्डिफ. ज्या माणसाने मला स्कूटर शिकवली, बँकेचं खातं काढून दिलं, सगळीकडे जो पुढे आणि मी मागे, तो माणूस तिथे माझ्या मागून चालत होता. तिकिटाच्या यंत्रापुढे मी भराभर बटणं दाबत होते आणि तो दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभा होता. गाडीला चार मिनिटं होती. त्याने काहीतरी विचारलं, आणि मी मागे न बघता म्हणाले, 'तू जरा बाजूला उभा राहा.'

तो बाजूला उभा राहिला. कार्लाइल स्टेशन येईपर्यंत बोलला नाही.

त्याच संध्याकाळी एका दुकानात त्याने पाण्याची बाटली घेतली. तिकडच्या नाण्यांचा हिशेब नवख्याला लागत नाही. दोन पेन्सचं नाणं मोठं, पाच पेन्सचं एवढंसं. त्याने खिशातली सगळी नाणी तळहातावर घेतली आणि हात दुकानदारापुढे धरला, लागतील ती घ्या म्हणून. दुकानदाराने सभ्यपणे तीन नाणी उचलली. मी दारात उभी राहून ते बघितलं. तो उघडा तळहात मला आजही दिसतो. आपल्या माणसाला आपण असं कधी बघितलेलं नसतं. मला त्याची माया यायला हवी होती. खरं सांगते, मला राग आला. आणि राग का आला, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

माझी काळजी ही आहे. चौदा महिन्यांत तू तिथली झाली आहेस. तुला यंत्रं येतात, भाषा येते, रविवारी दुकानं बंद असतात हे तुझ्या अंगवळणी पडलंय. सुजयला यातलं काहीच येत नसेल. आखेन ते बर्लिन अशी सात शहरं पळत घेतलीत की नऊ दिवस तू वाटाड्या आणि तो प्रवासी. तिकीट तुझ्या फोनवर, नकाशा तुझ्या फोनवर, बोलायचं तू, निस्तरायचं तू. तू दमशील आणि चिडशील. त्याला वाटेल, आपण हिला ओझं झालो. भांडण मात्र गाडी चुकली यावरून होईल.

बायको शिकायला पुढे गेली आणि नवरा मागाहून तिच्याकडे निघाला, हे आपल्याकडे काही आजच घडत नाहीये. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या, गोपाळराव नंतर गेले. मधल्या काळातल्या पत्रांत दोघांमधला ताण दिसतो. तिच्या शिक्षणासाठी धडपडणारा तोच, आणि ती बदलत चाललीय का या धास्तीने टोचून लिहिणाराही तोच. तुमचं नातं तसं नाही, काळही तो नाही. पण ती धास्ती सुजयच्या पोटात थोडीशी असणारच, हे धरून चाल.

म्हणूनच त्या शीटवर हसू नकोस आणि ते मोडीतही काढू नकोस. मला ते शीट कसं दिसतं सांगू? चौदा महिने हा मुलगा फोनच्या पडद्यावर तुला आजारी पडताना, नापास होताना, रडताना बघतोय आणि त्याला काहीही करता आलेलं नाही. सूप करून देता आलं नाही. खोली बदलताना बॅगा उचलता आल्या नाहीत. तुझ्यासाठी काही करण्याची एवढी एकच जागा त्याला सापडली. मिनिटांचे हिशेब त्यातूनच आलेत. त्याला एकदा विचार, 'यातलं तुला स्वतःला मनापासून काय बघायचंय?' आईला हवं म्हणून काय घातलंय, मित्राने फोटो टाकले म्हणून काय घातलंय, हे तोच वेगळं काढेल. माझा अंदाज आहे की खाली एक-दोनच नावं उरतील.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं.

शनिवारी तो पोचेल तो अर्धा झोपेत. घरी ने, जेवायला घाल. दूध, भाज्या, पाव शनिवारी दुकानं बंद व्हायच्या आत आणून ठेव, रविवारी फारसं काही मिळणार नाही. वसतिगृहात पाहुण्याला किती रात्री ठेवता येतं हे आधीच विचार. स्वयंपाकघर सामायिक असेल तर बाकीच्यांनाही सांगून ठेव. आणि खुर्ची रिकामी कर. त्या खुर्चीवर तुझ्या कपड्यांचा ढीग असतो, हे न लिहिताही मला माहीत आहे.

पहिला दिवस अवघडल्यासारखा जाईल. त्याला घाबरू नकोस. रोज दोन तास फोनवर बोलणारी माणसंसुद्धा समोर आली की गप्प होतात. फोनवर आवाज ओळखीचा झालेला असतो, शेजारी बसलेल्या माणसाची सवय मोडलेली असते. आमच्या वेळी पहिल्या रात्री मी त्याला घाईघाईने अभ्यासाचं टेबल, पुस्तकं, खिडकीतून दिसणारी टेकडी असं सगळं पंधरा मिनिटांत दाखवून टाकलं आणि मग दोघांनाही काय बोलावं सुचेना. तू एवढी घाई करू नकोस.

रविवारी आणि सोमवारी आखेन. तू म्हणशील, आखेनमध्ये काय आहे? अगं, तुझ्या गावचं कॅथेड्रल १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणं निवडली त्यातलं एक आहे. त्या पहिल्या यादीत भारतातलं एकही नव्हतं. ८१४ साली वारलेल्या सम्राट शार्लमेनला तिथे पुरलंय, आणि ९३६पासून १५३१पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथे होत होते. सिंहासन वरच्या मजल्यावर आहे, ते बघायला मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्यावी लागते. बाहेर पडलात की एलिझेनब्रुनेनला, गरम झऱ्याच्या कारंज्याकडे, ने आणि गरम पाण्याखाली त्याला हात धरायला लाव. गंधकाचा तो वास आला की वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतील त्याला. प्रिंटेन बिस्किटं घेऊन दे. दालचिनी, लवंग, बडीशेपेच्या जातीचा मसाला असतो त्यात, चहात बुडवून छान लागतात.

आणि एका दुपारी सीमेपलीकडच्या फाल्स गावाची बस पकडा. टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. तिथे एका खांबाभोवती फिरलं की तीन देश होतात. नेदरलँड्सच्या युरोपातल्या मुख्य भूमीवरचं ते सर्वात उंच ठिकाण, आणि उंची किती, तर ३२२ मीटर. पुणं शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. हे सुजयला खांबाजवळ उभं करून सांग. सासूबाईंना पाठवायचा फोटोही तिथेच काढा, तीन देशांत एकाच वेळी उभा असलेला मुलगा.

या दोन दिवसांत तू रोज चार तास अभ्यास कर. त्याच्यासमोर कर. ग्रंथालयात जायची सवय असेल तर त्याला बरोबर ने, तो पुस्तक वाचत बसेल. तुझ्या कँटीनमध्ये, मेन्झामध्ये, तुझ्याबरोबर रांगेत उभा राहील. पाहुण्यांना थोडे जास्त पैसे पडतात, पडू देत. ज्या मैत्रिणींची नावं तो वर्षभर ऐकतोय, त्यांना त्याला भेटू दे. तू जिथे राहतेस ती जागा त्याने कधी पूर्ण बघितलेलीच नाही. फोनच्या चौकटीत मावेल एवढी भिंत आणि एक पडदा, एवढंच त्याला ठाऊक आहे. पडद्यापलीकडे काय आहे ते आता बघू दे.

मंगळवारी तू पेपरला जा आणि त्याला एकट्याला कोलोनला पाठव. हे मी मुद्दाम सांगते आहे. तुझं विद्यार्थ्यांचं तिकीट तुझ्या नावावर असतं, त्यावर त्याला जाता येणार नाही. आणि जर्मनीभर चालणारं महिन्याचं तिकीट त्याच्यासाठी घेण्याच्या भानगडीत पडू नका. ते दर महिन्याला आपोआप पुढे सुरू राहतं आणि बंद करायचं तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं. मध्यावर येणारा पाहुणा त्यात हमखास अडकतो. साधं जाऊन-येऊन तिकीट त्यालाच यंत्रावर काढू दे. तू शेजारी उभी राहा, हात मागे बांधून. चुकलं तर चुकू दे, यंत्रावर रद्द करायचं बटण असतं.

साध्या गाडीने तासाभराचं अंतर. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर डोम, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, चुकायची सोयच नाही. १२४८ साली बांधायला घेतलेलं काम १८८० साली पुरं झालं, मधली कित्येक शतकं ते तसंच अर्धवट उभं होतं. मनोऱ्याच्या पायऱ्या ५३३ आहेत, सिंहगड चढणाऱ्याला जड जाऊ नयेत. वेळ उरला तर तिथून अर्ध्या तासावर बॉन आहे. १९२१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, लंडनचा अभ्यास चालू असतानाच. रमाबाई तेव्हा मुंबईत होत्या. बायकोने किंवा नवऱ्याने भेटायला यावं ही गोष्ट तेव्हा फारच थोड्यांच्या हिशेबात होती. सुजयला आवड असेल तर तो जाऊन येईल.

संध्याकाळी तू पेपर देऊन आलेली असशील आणि तो एकटा परदेशात फिरून आलेला असेल. त्याच्याकडे तुला सांगायला काहीतरी असेल. चौदा महिन्यांत परदेशातलं सगळं सांगणारी तूच होतीस, हे विसरू नकोस.

बुधवार मोकळा ठेव. कपडे धुवा, उशिरा उठा.

मग गुरुवार ते रविवार पॅरिस, तीन रात्री. आखेनहून थेट गाडी पावणेतीन तासांत पोचवते. तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं महाग पडेल, म्हणून एवढं आरक्षण मात्र आज-उद्याच करा. आणि पॅरिस पूर्णपणे सुजयच्या ताब्यात दे. त्याच्या शीटचा पॅरिसचा रकाना, त्याचा नकाशा, त्याची मेट्रो. फ्रेंच तुलाही येत नाही, त्यालाही येत नाही. तिथे तुम्ही दोघं सारखेच नवखे आहात, आणि माझ्या मते सातातलं एक शहर निवडायला एवढं कारण पुरेसं आहे. तो चुकीच्या दिशेच्या मेट्रोत बसवेल, दोन स्टेशनं पुढे उतराल, परत फिराल. तू फोन बाहेर काढू नकोस. त्याने विचारलं तरच सांग.

लुव्र शुक्रवारी ठेवा, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. वेळ आधी आरक्षित करावी लागते. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे तू सव्वीसच्या आतली आहेस आणि तुझ्याकडे जर्मनीत राहण्याचा परवाना आहे, त्यामुळे तुला तिथे प्रवेश फुकट आहे. कार्ड आणि पासपोर्ट बरोबर ने. पैसे भरावे लागतील ते फक्त सुजयचे. नोत्र दाम कॅथेड्रल २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलंय, आत जायला पैसे लागत नाहीत. आयफेल टॉवरवर चढायला रांग लावण्यापेक्षा अंधार पडल्यावर समोरच्या त्रोकादेरोच्या गच्चीवर जाऊन उभे राहा. दर तासाला पाच मिनिटं तो लखलखतो. तिथे आणि मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात. कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली आल्या तर थांबू नका.

पैशांचं थोडं स्पष्ट बोला, तेही तो येण्याआधी. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटत असतील, वर्षाच्या ११,९०४ युरोंतले. त्यातच भाडं, विमा, जेवण. त्या पैशांतून सहल करू नकोस, एप्रिलचं भाडं तुलाच भरायचंय. फिरण्याचा खर्च दोघांनी मिळून एक आकडा ठरवून वेगळा काढा. आणि तो ठरला की दर कॉफीला शंभराने गुणायचं नाही, असंही ठरवा. युरो हल्ली शंभर रुपयांच्या घरात असल्यामुळे तो गुणाकार फार सोपा झालाय आणि त्यानेच तोंडातला घास कडू होतो.

स्वित्झर्लंडचं काय? मार्चमध्ये एका दिवसासाठी इंटरलाकेन म्हणजे जायला सात-आठ तास, यायला तेवढेच. तिथलं प्रसिद्ध बर्फाचं ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर, तिकीट दरडोई दोनशे फ्रँकच्या वर, आणि ढग उतरलेले असतील तर वर काहीच दिसत नाही. ते तुझं शिक्षण संपल्यावर, उन्हाळ्यात, आठवडाभर जाण्याचं ठिकाण आहे. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, सुजयला सांगू दे. त्याच्या आईला तो सांगेल तेव्हा ते रजेचं कारण होईल. तू सांगितलंस तर सुनेने नेलं नाही असं होईल. याबाबतीत मी बऱ्याच घरांतली पत्रं वाचली आहेत.

रविवारी परत आखेनला, सोमवार घरीच. मंगळवारी फ्रँकफर्टच्या विमानतळावर थेट गाडीने दोन तासांत पोचता येतं, पण जर्मन गाड्यांच्या उशिराचा अनुभव आता तुलाही असेल. विमानाच्या वेळेआधी किमान पाच तास पोचेल अशी गाडी धरा. तू विमानतळापर्यंत जा. परतीच्या गाडीत एकटी रडशील, तर सीट खिडकीची घे.

आता फोन. आज संध्याकाळी तुझ्याकडे पाच वाजता कर. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं पुढे जाईपर्यंत साडेचार तासांचा फरक आहे, म्हणजे त्याचे साडेनऊ वाजलेले असतील, जेवण झालेलं असेल. आधी पेपरचं सांग. मग ते खुर्चीचं सांग, जसं मला लिहिलंस त्याच शब्दांत. शीटचा विषय त्यानंतर काढ. तो क्षणभर हिरमुसेल. लगेच समजूत घालायला धावू नकोस, त्याला बोलू दे.

आणि फोन ठेवायच्या आधी सामानाचं सांगायला विसरू नकोस. सासूबाई साजूक तूप आणि पेढे बांधून देतील. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात आणायला परवानगी नाही, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही चालत नाही. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला आणता येतो. भाजणी मात्र भरपूर आणायला सांग. त्या मोकळ्या बुधवारी थालीपीठं लावा, आणि ती त्याला थापू दे.

तुझी,
ताई